टप कापायच्या आधी : जुन्या अमेरिकन गाडीच्या पत्र्याला पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

महिन्याकाठी एखादा तरी मेसेज येतोच. कधी फ्रीमाँटहून, कधी डॅलसहून, परवा तर थेट पिंपरीहून आला : "दादा, एक्कावन्नची फोर्ड बघून ठेवलीय. टप किती इंच कापू?" टप कापणं म्हणजे गाडी बुटकी दिसावी म्हणून खांबांतून पट्टी काढून छत खाली आणणं. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी बोनेटवरची दोन भोकं बुजव. कुठं होती ते बोट फिरवून कळेनासं झालं की टपाचं बोलू.

हे उत्तर कुणालाच आवडत नाही. मलाही आवडलं नव्हतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारबुवा राहतात, वय ऐंशीच्या पुढं, उभं आयुष्य पत्रा ठोकण्यात गेलेलं. त्यांनी मला पहिले चार महिने एका भंगारातल्या बोनेटवर नुसतं भोक पाड आणि बुजव, पाड आणि बुजव करायला लावलं. दिवसभर स्क्रीनसमोर बसून संध्याकाळी हे. पण आज गाडीवर जे काही जमतं ते त्या चार महिन्यांमुळं. म्हणून हा लेखही त्याच क्रमानं जाईल. ज्याला फक्त टपाचं वाचायचंय त्यानं सरळ खाली जावं, पण कापल्यावर मला फोन करू नये.

थोडी पार्श्वभूमी

हा सगळा प्रकार कॅलिफोर्नियाचा. मी राहतो त्या सॅक्रामेंटोत हॅरी वेस्टरगार्ड नावाचा कारागीर १९३० नंतरच्या दशकात फोर्ड गाड्यांचं रूप बदलत होता. शेजारच्या रोझव्हिलमध्ये वाढलेले जॉर्ज आणि सॅम बॅरिस हे भाऊ पुढं लॉस एंजेलिसकडं गेले आणि लिनवुडमधल्या त्यांच्या दुकानातून या शैलीचं नाव देशभर झालं. जॉर्जला प्रसिद्धी मिळाली, पण पत्र्यावरचा हात सॅमचा. त्यानं स्वतःची १९४९ची मर्क्युरी, म्हणजे फोर्ड कंपनीचीच दुसरी गाडी, कापली. त्यानंतर बॉब हिरोहाटा या गिऱ्हाइकासाठी १९५१ची मर्क्युरी तयार झाली आणि ती १९५२च्या शेवटी प्रदर्शनात आली. तीच 'हिरोहाटा मर्क'. २०२२च्या लिलावात तिला २० लाख डॉलरच्या वर किंमत आली.

या गाड्यांना 'लेड स्लेड' म्हणतात, म्हणजे शिशाची घसरगाडी. सांधे बुजवायला शिसं ओतलेलं आणि गाडी जमिनीलगत घसरत चालल्यासारखी. 'कस्टम'चं स्पेलिंगही ही मंडळी मुद्दाम 'सी'ऐवजी 'के'नं करतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर चकचकीत पट्ट्या, बिल्ले, मुठी, कडी असा भरगच्च दागिना असतो. कस्टमवाला तो एकेक करून उतरवतो. बोनेटपासून डिकीपर्यंत नजर कुठं न अडखळता जायला हवी, एवढाच सगळा खेळ. नवीन माणूस मात्र उलट करतो, दुकानातून आणून आणखी चिकटवत बसतो.

गाडी कुठली घ्यायची

मर्क्युरी नको. १९४९ ते ५१ची मर्क्युरी हे या पंथाचं दैवत आहे, त्यामुळं सडलेल्या सांगाड्यालाही भाव येतो आणि शिकाऊ हातानं ती कापणं जिवावर येतं. त्याऐवजी त्याच वर्षांची फोर्ड घ्या, जिला इथं 'शूबॉक्स' म्हणतात. यामागं एक व्यावहारिक कारण आहे : या फोर्डची पुढची काच दोन सपाट तुकड्यांची आहे. सपाट काच कुठलाही काचवाला नवीन मापानं कापून देतो. १९५२ची फोर्ड एकसंध वाकवलेल्या काचेवर गेली. तिथं टप कापलं की काचेसाठी वणवण सुरू होते.

दोन दरवाजांची गाडी देखणी, पण चार दरवाजांची स्वस्त. शिकायला चार दरवाजांची घ्यायला काही हरकत नाही, लोक काहीही म्हणोत. एक मात्र पाळा : कमी संख्येनं बनलेली, आजवर कुणी हात न लावलेली, मूळ रंगातली गाडी हाती लागली तर ती विका किंवा तशीच जपा. कापायला आधीच ठोकलेली, अर्धी सडलेली गाडी घ्या.

गंज बघायला खिशात लोहचुंबक आणि स्क्रूड्रायव्हर ठेवा. चुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावर फिरवायचं. जिथं ते धरत नाही, तिथं खाली पुट्टीचा थर आहे. दरवाजांखालचा लांब पट्टा, पायाखालचा तळ, डिकीचा तळ, हेडलाइटमागचा मडगार्डचा कोपरा आणि काचेच्या रबराखालचं खोबण या पाच जागा स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दाबून बघा. मिशिगन, ओहायोकडं बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिकडची गाडी वरून गुळगुळीत असली तरी खालून चाळणी असते. नेवाडा-ॲरिझोनाच्या कोरड्या हवेतली गाडी लांबून आणावी लागली तरी परवडते. गाडीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि पुढं काम करताना त्या नंबराच्या जागेला ग्राइंडर लावू नका.

आधी कात्री, मग करवत

गाडी घरी आली की लगेच खोलू नका. धुवा, सपाट जागी उभी करा आणि अगदी बाजूनं फोटो काढा. कॅमेरा दरवाजाच्या मुठीच्या उंचीवर, गाडीपासून जितकं लांब जाता येईल तितकं. जवळून काढलेल्या फोटोत टप फुगलेलं दिसतं आणि सगळा हिशोब चुकतो. त्याच्या दहा-बारा प्रती छापा. आता कात्रीनं कागदावरचं टप कापा, खाली सरकवा, चिकटवा. एकावर २ इंच, एकावर ३, एकावर ५. नुसती गाडी खाली बसवलेली, टप तसंच, अशीही एक प्रत करा. सगळ्या स्वयंपाकघरात फ्रिजवर लावा आणि दोन आठवडे जाता-येता बघा.

माझ्या फ्रिजवर ५ इंचवाली पहिल्या दिवशी जिंकली होती. आठव्या दिवशी बायको म्हणाली, "हा माणूस टोपी कानाखाली ओढून बसल्यासारखा दिसतोय." नंतर मला ती टोपीच दिसायला लागली. शेवटी ३ इंचांवर आलो.

कागदावर ठरलं की प्रत्यक्ष गाडीवर मास्किंग टेप लावा. जी पट्टी काढायची आहे तिच्यावर गाडीच्या रंगाची टेप, जी नवीन कड येणार आहे तिथं काळी. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात लांबून बघा. टेप काढता येते.

हत्यारं आणि फुप्फुसं

हत्यारांवर फार लिहीत नाही. ०.६ मिलिमीटर तार चालेल असं मिग वेल्डिंग मशीन, ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, छोटा ग्राइंडर, दोन-तीन पत्र्याच्या हातोड्या, दोन-तीन डॉल्या (पत्र्यामागं धरायचे लोखंडी ठोकळे), वक्र दातांची लांब कानस, एवढ्यात पहिलं वर्ष जातं. टिग किंवा गॅस वेल्डिंग येत असेल तर उत्तम, कारण मिगचा टाका टणक होतो आणि हातोडीखाली नीट पसरत नाही. पण शिकायला मिगच सोपं.

पैसे वाचवायचे तर हत्यारांत वाचवा, मास्कमध्ये नाही. जुन्या गाडीचा रंग घासताना त्यात शिसं असू शकतं. जस्त चढवलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की निघणारा धूर ताप आणतो. आणि हार्डनर मिसळायचा आधुनिक रंग फवारताना त्यातल्या आयसोसायनेट या घातक द्रव्यांसाठी साध्या फिल्टरच्या मास्कवर भागत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवा, आतलं कापड आणि टपाखालचं जुनं अस्तर काढून टाका. सत्तर वर्षं वाळलेलं ते अस्तर फुलबाजीसारखं पेटतं. आग विझवायचा सिलिंडर हाताच्या अंतरावर ठेवा. तो मी एकदा वापरलाय.

पहिलं खरं काम : बोनेटची भोकं

बोनेटवरचा बिल्ला आणि पट्टी काढली की मागं चार-सहा भोकं उरतात. ती बुजवणं याला 'शेव्हिंग' म्हणतात, म्हणजे सरळ हजामत. बोनेटपुरतं केलं तर 'नोज्ड', डिकीपुरतं केलं तर 'डेक्ड'.

भोकाभोवती दोन्ही बाजूंनी दोन इंच रंग काढून पत्रा लखलखीत करा. ५-६ मिलिमीटरपेक्षा लहान भोक असेल तर मागून तांब्याची चपटी पट्टी दाबून धरा आणि वेल्डनंच भरा, तांब्याला पोलाद चिकटत नाही. मोठं असेल तर त्याच जाडीच्या पत्र्याची टिकली कापा. या गाड्यांचा पत्रा सुमारे १ मिलिमीटरचा असतो, आजच्या गाड्यांपेक्षा जाड, म्हणून तो चुका पोटात घालतो. टिकली भोकात सैल पडायला हवी, भोवती तारेइतकी फट राहील अशी. घट्ट बसवली तर तापून फुगायला जागा राहत नाही आणि पत्रा फुगवटा धरतो.

आता वेल्डचा एकच टाका, म्हणजे एक ठिपका. मग थांबा. हाताची पाठ लावून सोसेल इतकं गार झालं की समोरच्या बाजूला दुसरा. मग तिसरा, चौथा, घड्याळातल्या बारा-सहा-तीन-नऊसारखे. मग मधल्या जागा. एका टिकलीला अर्धा तास लागला तर तुम्ही बरोबर करताय.

मी काय केलं ते सांगतो. पाचव्या भोकाला कंटाळा आला, शिवाय हात बसलाय असं वाटायला लागलं होतं. म्हणून टिकलीभोवती एका दमात गोल वेल्ड फिरवला. दिसायला सुरेख. भोवतीचा पत्रा मात्र तळहाताएवढा निळा पडला. पाच मिनिटांत तो गार होताना 'टक्' असा आवाज आला आणि बोनेटचा तो भाग डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर व्हायला लागला. दाबलं की खाली, सोडलं की वर. बुवा आले, अंगठ्यानं दोनदा टक-टक केलं आणि काही न बोलता घरी गेले. ते बोनेट सरळ करायला तीन शनिवार गेले.

असं का होतं? पोलाद तापताना चहूबाजूंनी फुगू बघतं, पण भोवतीचा गार पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून ते जागच्या जागी जाड होतं. गार होताना आकसतं आणि आता मूळ मापापेक्षा कमी भरतं, म्हणजे भोवतीच्या पत्र्याला आपल्याकडं ओढतं. म्हणून वेल्डच्या जागी जवळपास नेहमीच खोलगट होतं. उपाय असा : वेल्डच्या नेमक्या खाली डॉली घट्ट धरायची आणि वरून हातोडीचे हलके, भरपूर टोले द्यायचे. त्यानं आकसलेला वेल्ड पुन्हा पसरतो. नवशिके खोलगा दिसला की खालून ठोकून वर आणतात. त्यानं डोंगर तयार होतो, वेल्ड तसाच आखडलेला राहतो. निळा रंग ही खूण लक्षात ठेवा. निळा पट्टा बोटाइतका अरुंद असेल तर ठीक, पसरला की तुम्ही घाई केलीत.

टाके ग्राइंडरनं घासतानाही तेच. दोन सेकंद लावा, उचला. नाहीतर वेल्डिंगमधून वाचवलेला पत्रा घासण्यात तापवाल. सपाट झालाय का हे डोळ्यांनी कळत नाही. हातात पातळ सुती मोजा घाला आणि पूर्ण तळवा लांबवर फिरवा. नुसत्या बोटांना उंचवटे नीट कळत नाहीत. मग कानस तिरपी धरून हलकी फिरवा, जिथं ती चाटत नाही तो खोलगा.

शिसं की पुट्टी

सांधा कितीही चांगला ठोकला तरी केसभर काहीतरी उरतं. ते भरायला जुन्या काळी शिसं होतं, १९५०च्या दशकाच्या मध्यापासून पॉलिएस्टरची पुट्टी आली. जुने लोक पुट्टीला नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. स्वच्छ पत्र्यावर, हार्डनर मोजून घालून, ३ मिलिमीटरच्या आतला थर दिला तर ती वर्षानुवर्षं टिकते. बदनामी झाली ती बादलीभर पुट्टीनं गंज झाकणाऱ्यांमुळं. पण दरवाजाची कड, बोनेटची कड, जिथं आपटतं आणि टवका उडतो, तिथं शिसंच बरं.

ज्यानं लहानपणी दारात बसलेला कल्हईवाला बघितलाय त्याला शिशाचं काम अर्धं आधीच येतं. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथलाचा तुकडा फिरवतो आणि फडक्यानं एका हिसक्यात चंदेरी करतो. इथंही पहिली पायरी हीच. पत्रा घासून पांढरा करायचा, कल्हईची पेस्ट लावायची, मऊ ज्योतीनं ऊब द्यायची, पेस्ट तपकिरी होऊन चमकायला लागली की सुती फडक्यानं पुसायची. खाली चंदेरी थर दिसला की कल्हई बसली. जिथं काळा डाग राहील तिथं शिसं धरणार नाही, तेवढं पुन्हा करा. मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं धुऊन त्यातलं आम्ल मारा आणि कोरडं करा. ही धुलाई चुकवली तर सहा महिन्यांनी रंगाखाली फोड येतात.

शिशाची कांडी म्हणजे ७० टक्के शिसं, ३० टक्के कथील. ती १८३ अंश सेल्सियसला मऊ व्हायला लागते आणि साधारण २५५ला पूर्ण पातळ होते. या दोन्हींच्या मधलं जे आहे तिथंच सगळी कला. तिथं ती फ्रिजमधून काढून थोडा वेळ ओट्यावर ठेवलेल्या लोण्यासारखी असते. पत्रा आणि कांडी दोन्ही आळीपाळीनं तापवायची, कांडीचं टोक ओघळायला लागायच्या आत पत्र्यावर दाबून गोळा लावायचा, मग चरबी किंवा तेल लावलेल्या लाकडी पट्टीनं पसरवायचा. ज्योत सतत हलती हवी. उभ्या पत्र्यावर पहिल्या दिवशी निम्मं शिसं जमिनीवर पडतं. पडू द्या, गोळा करा, पुन्हा वापरा.

गार झाल्यावर फक्त कानस. ग्राइंडर नाही, सँडर नाही. शिशाची धूळ हवेत उडाली की ती फुप्फुसात जाते आणि घरात पोरं असतील तर तुमच्या कपड्यांवरून त्यांच्यापर्यंत पोहोचते. कानशीचा कीस खाली कागद अंथरून गोळा करा, त्या खोलीत चहा पिऊ नका, कपडे वेगळे धुवा, आणि हे काम नेहमीचं झालं तर डॉक्टरला सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या. बिनशिशाच्या कांड्याही मिळतात, पण त्या मऊ राहण्याचा पल्ला अरुंद असतो, नवशिक्याला त्या चटकन ओघळतात.

मुठी आणि हेडलाइट

दरवाजाच्या मुठी काढून टाकल्या की गाडीची बाजू एकदम लांब दिसते. मूठ काढायची, भोक बुजवायचं, आत कुलूप ओढायला विजेवर चालणारा सोलेनॉइड बसवायचा, कुठंतरी गुप्त बटण. दरवाजा थोडा बाहेर ढकलायला स्प्रिंगची खुंटी. एवढं सगळे करतात. विसरतात ते हे : बॅटरी उतरली तर आत कसं जाणार? मी विसरलो होतो. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, पाठीवर झोपून, कोटाच्या हँगरची तार तळातल्या छिद्रातून वर सारत पाऊण तास. लोक येऊन विचारत होते, गाडी चोरताय का. आता माझ्या दरवाजाच्या कुलपापासून गाडीखालपर्यंत सायकलच्या ब्रेकची केबल जाते, टोकाला छोटी कडी. मुठी उतरवण्याआधी ही केबल टाका. त्याच वेळी जुन्या झिजलेल्या लॅचऐवजी मजबूत, पंजासारखे धरणारे लॅच बसवा आणि सीटबेल्टही लावा. या गाड्या कारखान्यातून सीटबेल्टशिवाय आल्या होत्या.

हेडलाइट 'फ्रेंच' करणं म्हणजे त्याचं कडं मडगार्डला वेल्ड करून सांधा नाहीसा करणं, दिवा जरा आत खोबणीत गेल्यासारखा. बरेच जण १९५२ ते ५४च्या फोर्डची कडी वापरतात. १९४०पासून या काळातल्या अमेरिकन गाड्यांना ७ इंचांचा सीलबंद दिवा सगळीकडं एकच होता, त्यामुळं अदलाबदल जमते. कडं वेल्ड झाल्यावर दिवा पुढून निघणार नाही, म्हणून मागून काढायची सोय आधी करून ठेवा. आणि खोबणीच्या तळाशी पाणी जायला ६ मिलिमीटरचं भोक ठेवा, नाहीतर तिथंच नवीन गंजाची शेती.

खाली बसवणं, जे खरं तर आधी करायला हवं

गाडी २-३ इंच खाली आणली की निम्म्या लोकांचा टप कापायचा हट्ट जातो, म्हणून हे आधी करून बघा. १९४९च्या फोर्डला पुढं कॉइल आणि मागं पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत. मागं ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळा, पुढं बुटक्या कॉइल. ठोकळ्यावर ठोकळा चढवू नका आणि स्प्रिंग गॅसनं तापवून बसवू नका, तसं करणाऱ्या गाड्या मी वळणावर डोलताना पाहिल्यात. चाक पूर्ण वळवून, गाडीत चार माणसं बसवून टायर कुठं घासतो का बघा.

कॅलिफोर्नियात १९५८पासून असा कायदा होता की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली नको. गाडी मुद्दाम जमिनीलगत बसवून फिरणाऱ्या लोरायडरवाल्यांवर पोलिसांनी तो अनेक वर्षं वापरला. १९५९च्या सुमारास रॉन अगीर यानं आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप लावले : पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. तो निर्बंध २०२४च्या सुरुवातीला उठला. तुमच्या राज्याचा नियम वेगळा असेल, तो बघून घ्या.

आता टप

टपाची अडचण समजायला एक टोपली घ्या आणि उपडी ठेवा. वर अरुंद, खाली रुंद. मधली तीन इंचांची पट्टी कापून काढा आणि वरचा भाग खाली ठेवून बघा : कडा जुळत नाहीत, वरचं वर्तुळ लहान पडतं. गाडीचं टप असंच आहे. पुढचे खांब मागं झुकलेले, मागचे पुढं, बाजूचे आत. खांब उभ्या रेषेपासून ३० अंश झुकलेला असेल तर ३ इंच खाली येताना त्याचं टोक जवळजवळ पावणेदोन इंच सरकतं. मग दोनच मार्ग : खांब आणखी झुकवायचे, किंवा टप मध्ये आडवं-उभं कापून पट्ट्या घालून मोठं करायचं. बहुतेक कामांत दोन्ही थोडं-थोडं लागतं. मागच्या काचेचा भाग तर सहसा तसाच ठेवून आख्खा पुढं झुकवतात, कारण मागची वाकवलेली काच कापता येत नाही.

काम असं जातं. गाडी चाकांच्या जागी टेकवून समतल करा, शॅसीच्या टोकांना नाही, नाहीतर मधे झोळ पडतो. दरवाजे बंद, फटी सारख्या. आता आतून १ इंच चौकोनी नळ्यांचा सांगाडा : खांबाला खांब, डॅशबोर्डपासून मागच्या फळीपर्यंत, आणि मधे तिरप्या फुल्या. हे न करता कापलं तर दरवाजे पुन्हा कधीच बसत नाहीत. सगळ्या काचा काढा. कर्णांची मापं घ्या, भिंतीवर लिहा, दुसऱ्याकडून पुन्हा घ्यायला लावा.

खांब जिथं वर-खाली साधारण एकाच रुंदीचा आहे तिथं रेघ मारा, म्हणजे पट्टी काढल्यावर तोंडं जुळतात. खांबाला आतला आणि बाहेरचा असे थर असतात, दोन्ही एकाच उंचीवर कापू नका, पायरी ठेवा, जोड मजबूत होतो. दोन्ही बाजूंच्या रेघा लेझर किंवा पाण्याच्या नळीनं एका पातळीत आणा. पट्टी थोडी कमीच कापा. उरलेला पाव इंच नंतर काढता येतो.

टप उचलायला चार माणसं बोलवा. पहिल्यांदा ठेवून बघताना वेल्डिंग नाही, फक्त शिकंजे. दरवाजांच्या काचेच्या चौकटीही तेवढ्याच कापाव्या लागतात, त्या लावून, दरवाजे उघड-बंद करून बघा. मग लांबून बघा. आमच्या वेळी बुवांनी गाडी तशीच शिकंज्यांवर एक आठवडा ठेवायला लावली आणि रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसले. पाचव्या दिवशी म्हणाले, मागून अर्धा इंच अजून. बरोबर होतं.

मग टाके, तेच बारा-सहा-तीन-नऊ, पण आता मीटरभर सांध्यावर. टपाचा सपाट भाग हा गाडीतला सर्वांत लहरी पत्रा आहे, तिथं एका दिवसात एक फूट झालं तरी पुष्कळ. काच कापायला देण्याआधी प्लायवुडचा साचा करून चौकटीत बसवून बघा. थरांची सपाट काच कापता येते. टेंपर्ड काचेला कटर लावला की तिचे साबुदाणे होतात.

रंग

उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, कारण इतर बरेचसे प्रायमर ओल शोषतात आणि 'प्रायमरमध्येच फिरवू' म्हणणाऱ्याची गाडी खालून गंजते. वर काळ्या पावडरीचा हलका हात मारून लांब पट्टीवर कागद लावून घासा : ८०, १८०, ३२०, मग ६००. काळं उरलं तिथं खड्डा. रंग पहिल्या गाडीला एकच आणि अर्धचमकीचा घ्या. जो बेलन या कारागिराचा, चंदेरीवर पारदर्शक लाल चढवलेला 'कँडी ॲपल' किंवा जीन विनफील्ड या दुसऱ्या कारागिराचे एकातून दुसऱ्यात विरघळणारे रंग बघून लाळ गळते, मान्य. पण कँडीचा प्रत्येक हात सावली गडद करतो, एक हात कमी-जास्त झाला की दरवाजा वेगळा दिसतो. डोळ्यांना खाद्य हवं असेल तर १९५०पासून भरणारं सॅक्रामेंटो ऑटोरामा आहे, कॅन्सासमधल्या सलाइनाचा लेड स्लेडवाल्यांचा मेळा आहे. तिथं बोनेटखाली नाही, बोनेटच्या कडेवर नजर ठेवा.

पिंपरीच्या मित्रासाठी

मुंबईत अमेरिकन गाड्या काही पाहुण्या नव्हेत. जनरल मोटर्सनं १९२८मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता, कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. त्यातल्या काही अजून धावतात. पण तिथं टपाला करवत लावण्याआधी दोन गोष्टी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्याच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. शिवाय २०२१च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, तो शॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असतील तरच. कापलेली गाडी रस्त्यावरही नाही आणि विंटेजही नाही.

हे सगळं मी त्याला लिहिलं. वाटलं, विषय संपला. गेल्या रविवारी त्याचा फोटो आला. चिंचवडच्या भंगारवाल्याकडून ॲम्बेसेडरचं बोनेट आणलंय, पाच भोकं पाडलीत, चार बुजवलीत. मी फोटो मोठा करून पाहिला. पहिल्या तीन टिकल्यांभोवती निळी कड बोटभर, चौथीभोवती चांगली वाटीएवढी. मी विचारलं, "चौथ्याला कंटाळा आला होता ना?"

"जेवायला हाक मारत होते हो, दादा."